ओट्यावरची वाटी

सूनबाई,

शेगडीशेजारी ओट्यावर पांढरा लेप दिसेल, तो पुसू नकोस. खायचा सोडा पाण्यात घट्ट कालवून डागावर थापलाय आणि वर प्लास्टिक चिकटवलंय. उद्या सकाळपर्यंत तसाच राहू दे. ग्रॅनाइटनं प्यायलेलं तेल सोडा हळूहळू ओढून घेतो म्हणे. मध्येच उचलून बघायची खोड तुझ्या नवऱ्याला आहे, त्याला तिकडे फिरकू देऊ नकोस.

लिंबू आणि व्हिनेगर लांबच ठेव. तू तणतणत ऑफिसला गेल्यावर मी आधी लिंबूच घासलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं असं म्हणतात. इथं तेल जागच्या जागी, ओट्याची चकाकी तेवढी गेली.

मग चष्मा लावून डाग नीट पाहिला. गोल आहे. आपली लहान वाटी त्यावर ठेवून बघितली, तंतोतंत बसली. माझ्या गुडघ्यांसाठी तू रोज तेल कोमट करून ठेवतेस, तीच वाटी. आणि सकाळी मी म्हणाले, "माझ्या ओट्याची पार वाट लावलीस."

मी वरच्या मजल्यावर शिक्षिकाबाईंकडे बसलेय. भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवलीय.

आज गुडघ्यांना तेल नको, असं लिहायलाच खरं तर बसले होते. पण जिना उतरून यायचंय, तेव्हा लागेलच. कोमट करून ठेव. फक्त वाटीखाली बशी घे. आपला ओटा आहे तो.

— आई