घर, घड्याळ आणि लेकीचा शोधनिबंध

मी, खाली सही करणारी, संशोधन संस्थेतील निवृत्त प्रशिक्षिका, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणीही मागे न लागता लिहून देत आहे. थकले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे.

कलम पहिले. माझे काम असे होते: रोगजंतूंवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना विचारायचे, की तुमचा शोध उद्या कुणी माणसे मारायला वापरला तर? मी त्यांना आपापले आराखडे अदलाबदल करायला लावी. शेजाऱ्याचा आराखडा दुष्ट माणसाच्या नजरेने वाचायचा आणि काय सापडले ते सांगायचे. स्वतःच्या कामात कुणालाच वाईट दिसत नाही, म्हणून ही पद्धत. आधी खिदळत, मग आपलाच आराखडा परत मागून घेत. पाठीमागे मला 'भीतीबाई' म्हणत. म्हणोत बापडे.

कलम दुसरे. भिंतीवरचे घड्याळ संस्थेच्या संचालकांना द्यावे. माझा वर्ग त्यांनी कायम जेवणानंतर ठेवला आणि निम्म्यातच दारातून डोकावून "बाई, आवरतं घ्या" म्हटले. घड्याळ बंद आहे. दुरुस्त करून देऊ नये.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक धाकट्या भावाला. माझ्या आजारपणात त्याने भांडी घासली आणि एकदाही बोलून दाखवले नाही. त्याच्या बायकोने दाखवले, तरी शिवणयंत्र तिला द्यावे. राबली तीही.

कलम चौथे. राहते घर माझ्या एकुलत्या एक लेकीला. इथे जरा लिहावे लागेल. ती त्याच संस्थेत शास्त्रज्ञ आहे. एक विषाणू माणसांत सहज पसरू लागेल असा कसा होतो, हे तिला सापडले आहे. लस करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, यात शंका नाही. तिला ते, विषाणू तसा घडवायच्या कृतीसकट, छापायचे आहे. मी म्हटले, "निष्कर्ष छाप, कृती नको. ती लस करणाऱ्यांनाच दे."

"आई, तुला सगळ्या जगात चोरच दिसतात. माझं कौतुक तुला कधी वाटलंच नाही," म्हणाली आणि दार आपटून गेली. तेव्हापासून अबोला आहे. कौतुक वाटते गं. ऊर भरून येतो.

वकीलबाई म्हणाल्या, "घराला अट घाला. कृती छापली तर घर भावाला. पोरगी येईल वठणीवर." मी हो म्हटले. त्यांनी कलम टाईप करून आणले. मी ते वाचले आणि काढून टाकायला लावले. कुणी अडवत नसताना आपले आपल्याला थांबता आले पाहिजे, हेच मी आयुष्यभर सांगत आले. घराच्या लोभाने थांबलेली लेक मागे ठेवली, तर मी शिकवले काय, कपाळ?

म्हणून घर तिचे, विनाअट. छापले तरी तिचे, न छापले तरी तिचे. काय केलेस ते मला कळायचे नाही.

बाळ, निबंध पाठवताना आई रागावेल असं मनात आणू नकोस. आई नसेल. बाकी सगळी माणसं असतील.

साक्षीदार पहिले: शेजारचे दंतवैद्य.
साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाई. कलम चौथे पटले नाही, तरी सही केली आहे.
लिहून देणार: सही.
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल. दिनांक: ९ मार्च.