ऊन पाण्याचा हंडा

आये, आज मी लय खुशीत आहे. तुझी पणती डॉक्टरीण झाली, आणि आता सांगलीच्या दवाखान्यात फॅमिली डॉक्टरचं पुढचं शिकते. म्हणजे खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत जे दारात येईल ते आधी तिनंच बघायचं. मी चार घरी पेढे वाटले, एक स्वतः खाल्ला, साखरेचा आजार असून. तिनं पाहिलं, आणि डबा तेवढा झाकून ठेवला. गुणाची आहे.

तर काल ती वांगी चिरत सांगत होती, मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या शिकाऊ पोरापोरींना एका आजाराचं विचारलं आणि कितीतरी जणांना धड सांगता आलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव तिच्याकडून लिहून घेतलंय. एक डोळा अंधूक होतो, परत दिसायला लागतं. पाय जड पडतात, परत चालतात. घरच्यांना वाटतं सोंग आहे. "आणि आजी, कढत पाण्यानं अंघोळ केली की त्यांचं बळच जातं. गार झालं की येतं परत."

माझा हात परातीतल्या पिठातच राहिला बघ.

आठवले ते लढाईचे दिवस, मी नऊ-दहा वर्षांची. आबा पलटणीत, आपण दोघी वाईत. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला आलेला तो तरुण डॉक्टर दोन्ही वेळ आपल्याकडे जेवायचा. "वहिनी, असली भाकरी माझ्या आईलाही जमत नाही," म्हणायचा, आणि तू फुगलेली भाकरी त्याच्या पानात टाकायचीस, करपलेली आपल्या दोघींना. तुझा डावा डोळा महिनाभर अंधुकला आणि आपोआप बरा झाला. मग वहाण पायातून निसटून मागं पडायची, तू तशीच पुढं. चुलीपुढं बसलीस की उठता यायचं नाही. पण तांबडं फुटताना भिंती धरधरून घाटावर जायचीस, कमरेएवढ्या गार पाण्यात बसायचीस, आणि येताना ताठ चालत यायचीस. मला म्हणालीस, "कुनाला सांगू नगं. म्हनतील, नदीवर जाया हिला पाय हायती, भांडी घासाया न्हाईत."

एकदा त्यानं मला ओट्यावर गाठलं. "आई दिवसभर अशीच असते का गं? खरं सांग, म्हणजे मला तिला बरं करता येईल." मी नदीचं सांगून टाकलं. त्यानं पेपरमिंटची गोळी दिली.

संध्याकाळी तो पानावर बसला आणि हसून म्हणाला, "वहिनी, नदीवर जाताना पाय बरे चालतात तुमचे! थोडा वात आहे, बाकी सोंग. नदी बंद. रोज कढत पाण्याचा हंडा अंगावर घ्यायचा." तू माझ्याकडं बघितलंस. मग त्याला दुसरी भाकरी वाढलीस.

हंडा मीच तापवायचे. तू म्हणायचीस, "नगं गं बाई, पाय मेल्यावानी हुत्यात." मी म्हणायचे, "डॉक्टरापरीस तुला जास्त कळतंय व्हय?" आणि ओतायचे. मग भिंतीला टेकवून बसवायचे तुला, पोत्यासारखी. तिसऱ्या उन्हाळ्यात तू गेलीस.

पोरीला तुझं सांगितलं, तर म्हणते, आजी, तोच आजार होता असं आता खात्रीनं कसं सांगू? आणि कढत पाण्यानं रोग वाढत नाही, तेवढ्यापुरतं बळ जातं. तेवढ्यापुरतं. रोज तेवढ्यापुरतं, आये.

त्याला कळलं नाही याचा राग नाही गं. हिच्या सोबत्यांनाही कळत नाही. पण ही म्हणते, "कळलं नाही तर मोठ्यांना विचारायचं, माणसाला खोटं पाडायचं नाही." त्याचे मोठे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसत होते. आपली भाकरी खाऊन त्यानं तुला सोंगाडी म्हटलं आणि शिकणं संपवून निघून गेला तरी मी त्याला देवमाणूसच म्हणत राहिले. किती वर्षं म्हणावं! लेकरांनाही तेच सांगितलं.

सगळं ऐकून पोरीनं विचारलं, "पण आजी, नदीचं त्याला कुणी सांगितलं?"

"शेजारणीनं," म्हणाले मी. लगेच म्हणाले, अडखळलेसुद्धा नाही.

हे पत्र तिच्या पुस्तकात ठेवणार होते. आता पिठाच्या डब्याखाली सारते. ती गोळी मी तुला न दाखवता खाल्ली, आये. गोड होती.