जस्ताचे दोन अणू आणि बाटल्यामामा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगांनी केला. उरलेली तीन भेटीत.) तुझा खोकला गेला का? आणि तू अजून नळ उघडण्याआधी नळ धुतेस का? धुतच असशील. तुझ्याकडून उचललेल्या त्या सवयीने माझे पाच महिने खाल्ले, ते सांगायला बसले आहे.

मी इथे काय करते असं तू दर वेळी विचारतेस आणि मी नुसतं ‘काम’ म्हणते. आज नीट सांगते. विषाणूंची एक जात आहे, तिचं सगळं बाड आरएनए नावाच्या लांबलचक धाग्यावर लिहिलेलं असतं. हा विषाणू पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या धाग्याच्या प्रती काढून घेतो, आणि निघताना त्या बांधून न्यायचं काम त्याच्या एका प्रथिनाकडे असतं. (घाबरू नकोस, आमच्याकडे विषाणू नाही. नुसतं प्रथिन आणि धाग्याचा एक तुकडा, दोघेही माझ्यापेक्षा निरुपद्रवी.) आता पेशीत तिचे स्वतःचे हजारो धागे असतात. त्या गर्दीतून हे प्रथिन बहुतेक वेळा आपलाच धागा हुडकतं. त्याच्या सुरुवातीला घड्या पडून दुमडलेली एक जागा असते, ती ओळखून धरतं. एक नाही, दोन धागे घेतं. मग भोवती त्याच प्रथिनाचे दोनेक हजार भाऊबंद जमतात आणि नव्या विषाणूचा गोळा तयार होतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, विचारायला कोणी नाही. मला घरातल्या चार टॉवेलांत माझा सापडत नाही. आणि ही पकड कशाच्या जोरावर, तर दोन बारीकशा मुठी आणि प्रत्येक मुठीत जस्ताचा एकच अणू. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अजूनही अंगावर काटा येतो.

ही पकड बघायची कशी, तर जेलीच्या पातळ पाटीत धागा घालून वीज सोडायची. मोकळा धागा तळाशी पळतो, प्रथिनाने धरलेला जड होऊन वरच अडकतो. माझा पाच महिने तळाशी. आरएनए भारी नाजूक, उघडं बोट लागलं तरी त्याचे तुकडे पडतात, म्हणून मी अगदी तुझा अवतार धारण केला होता. हातमोजे, दारावर पाटी, आणि प्रत्येक द्रावणात भटके धातू वेचून घेणारं एक मीठ, कारण धातूंमुळेही धागा तुटतो. धागा अखंड राहिला, पण त्याला धरायला कोणी तयार नाही. मग मी दोष द्यायला माणूस शोधला.

आमच्याकडे काचसामान धुणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना बाटल्यामामा म्हणतात. सव्वीस वर्षं याच खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी स्टुलावर. मी ठरवूनच टाकलं की त्यांच्या बाटल्यांना साबण राहतो. ठरवून गप्प बसले असते तर तुझी भाची कसली, साहेबांना लेखी दिलं. मामांची रवानगी तळघरातल्या कोठीत झाली. त्यांनी स्टूल उचललं आणि ते जिना उतरून गेले. या तीस तारखेला ते निवृत्त होणार आहेत.

गेल्या मंगळवारी माझं लाडकं द्रावण संपलं. कपाटात मागे मामांनी धुतलेली एक जुनी बाटली होती, आत ते मीठ नसलेलं द्रावण आणि वर त्यांच्या अक्षरात ‘साधं’ अशी चिठ्ठी. वेळ मारून न्यायला तेच वापरलं. आत्या, धागा वर अडकला. तीनदा करून पाहिलं. मीठ घातलं की पकड सुटते, नाही घातलं की धरते. माझं मीठ भटक्या धातूंबरोबर मुठींतलं जस्तही काढून नेत होतं. मला आनंदाने रडू आलं आणि त्यात निम्मी लाज होती. तक्रार मी त्याच दिवशी मागे घेतली. साहेबांनी मामांना वर यायला सांगितलं, तर मामा म्हणाले की खाली बरं आहे.

घरात सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी अतिस्वच्छ,
भाची

ता.क. पत्राचं खरं कारण हे. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर तू बाबांची माफी मागितलीस (चूक तुझीच होती, आता बोलायला हरकत नाही), तेव्हा पहिलं वाक्य काय होतं? तेवढंच पाठव, पुढचं मी जुळवीन. कोठीच्या दारापर्यंत चारदा जाऊन परत आले आहे.

ता.क. २. पाकीट चिकटवण्याआधी पाचव्यांदा गेले. वाक्य सुचेना, म्हणून जेलीच्या पाटीचा फोटोच पुढे धरला आणि ही तुमची बाटली असं सांगितलं. मामांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला, उलटा धरूनही पाहिला.

“यात माझा साबण कुठंय?”

“नाहीये, मामा. कधीच नव्हता.”

“ते मला माहीत होतं,” ते म्हणाले. “स्टूल तू वर ने. माझे गुडघे दुखतात.”

स्टूल लोखंडी आहे आणि जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. नमस्कारातला पाठीचा कंस मी आत्ता वर घुसडला आहे. मामा खिडकीशी बसून माझ्या बाटल्या पुन्हा धुताहेत. वाक्य राहू दे, तुझं ते पाठीचं तेल तेवढं पाठव.