हरणांसाठी लावलेलं फाटक

ती. ताई,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन महिने झाले आणि मी आत्ता लिहायला बसतोय, तेव्हा आधी चार शिव्या घाल आणि मग पुढे वाच. आळस नव्हता गं. कागद पुढ्यात घेतला की त्यावर हरीणच उभं राहायचं, आणि हरणावर कसं लिहायचं? तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरतेस ना? (कठडा हलतो का ते आधी बघ. कठडे कधी दगा देतील सांगता येत नाही.) मी बरा आहे. म्हणजे झोप नाही, भूक नाही, बाकी बरा.

तुझी भाची माझा ट्रक चालवायला लागली त्याला आता वर्ष होईल. कारखान्यातून खिडक्यांच्या काचा भरायच्या आणि जंगलातल्या रस्त्याने पलीकडच्या गावी पोचवायच्या, हे काम मी तीस वर्षं केलं आणि मला एकदाही हरीण आडवं आलं नाही. तिला पहिल्या पावणेदोन महिन्यांतच आलं. पहाटेचं धुकं, मोठं वळण, आणि डावीकडून एकदम उडी. जाळी आत गेली, रेडिएटर फुटला, एक दिवा गेला. हरीण उठलं, अंग झटकलं आणि निघून गेलं म्हणे. पोरगी घरी आली ती हसत. मागची एकही काच तडकली नाही, याचंच तिला कौतुक. मी मात्र जाळीत अडकलेले चार तांबूस केस काढून काडेपेटीत ठेवले. अजून आहेत. कशाला ठेवले, विचारू नकोस.

तेव्हापासून ट्रकचं तोंड कसं वाचवायचं, हा एकच विचार. पंक्चरवाला म्हणाला, बंपरला लावायच्या शिट्ट्या मिळतात, वारा शिरला की वाजतात, माणसाला ऐकू येत नाहीत, हरणाला येतात. आणल्या. कागदावर लावायची रीत छापलेली होती, पण अक्षर बारीक आणि मी सातवीतून उठलेला. उलट्या लागल्या. म्हणजे ट्रक मागे घेतानाच काय ते वाजणार! आठवडाभर आमच्या गल्लीतली कुत्री ट्रक मागे सरकला की शेपूट घालून पळायची, आणि मी आपला खूश, की बघा कसा गुण येतोय.

मग वेल्डरकडे गेलो. (वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात. स्वभावामुळे, धंद्यामुळे नव्हे.) म्हटलं, पुढे भक्कम लोखंडी गार्ड बसव. तो म्हणाला, काका, लोखंड कुठून आणू? तेव्हा आमच्या अंगणाचं फाटक डोळ्यांपुढे आलं. वेलबुट्टीचं, जाडजूड, तुझ्या भावजयीने हौसेने रंगवलेलं. ती गेल्यापासून त्यातून फारसं कुणी आत येतही नाही. तेच काढून ट्रकच्या तोंडाला डकवलं. वजनाने पुढची बाजू अशी खाली बसली की दिवे थेट रस्त्याला बघायला लागले, जसं काही खाली पडलेलं शोधतायत. पोरीने ट्रकभोवती एक फेरी मारली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, कडीसुद्धा तशीच ठेवलीत? आता हरणांनी वाजवून आत यायचं का?"

हसू दे. पण मला नवीनच घोर लागला. ट्रक वाचेल, हरणाचं काय? लोखंडावर आपटलं तर बरगड्या राहतील का? म्हणून मी पोत्यात सुकं गवत ठासून फाटकाला गादी शिवली. सुईदोरा माझाच, टाके म्हणशील तर दिसतील असे. आणि तपासणीसाठी म्हणून हट्टाने तिच्या शेजारी केबिनमध्ये जाऊन बसलो.

गादीने वारा अडला, इंजिन तापलं आणि ट्रक नेमका त्याच वळणावर थांबवावा लागला. ताई, काय सांगू. उजाडायला आलं होतं. धुकं इतकं की झाडं जमिनीवर उभी आहेत की तरंगतायत, कळेना. इंजिन बंद केल्यावर पानावरून पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. आणि धुक्यातून ती आली. एक, मग तीन, मग सात. (सात हा आकडा तुझ्या भाचीचा.) आली ती सरळ ट्रकच्या तोंडाशी, आणि माझी गादी खायला लागली. पोतं फाटल्याचा आवाज, चावल्याचा आवाज, पुढच्या काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ. एकाने फाटकावर हनुवटी टेकवली, जशी तुझी भावजय टेकवून उभी राहायची, मला उशीर झाला की. दोन मागे गेली आणि उभ्या लावलेल्या काचांत स्वतःला बघत राहिली. पोरीने माझा हात धरला होता. किती वेळ गेला माहीत नाही. मला वाटलं, आपण ट्रकमध्ये नाही, कुणाच्या तरी झोपेत बसलोय.

परत आल्यावर तिने गादी काढली, शिट्ट्या काढल्या, फाटक अंगणात लावून दिलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही घरीच बसा. लोखंडापेक्षा तुमची काळजी जड होते गाडीला." त्याचं मी वाईट वाटून घेतलं नाही. (घेतलं.)

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरी गोष्ट राहिलीच. गवताची चटक लागल्यापासून हरणं रोज पहाटे त्या वळणावर वाट बघत उभी असतात. ट्रकचा आवाज आला की पळून जायचं सोडून धावत पुढे येतात. हे मी केलंय, ताई. पोरगी म्हणते, हळू नेईन. पण एकटी आहे, पहाट असते, धुकं असतं. तिच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं. माझं ती ऐकत नाही, आत्याचं ऐकेल. बाबाला बरोबर ने, एवढंच तिला लिही. फाटकाचं काही लिहू नकोस.

आणखी एक. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, मला आता वीस पावलांवरचं झुडूप आणि हरीण सारखंच दिसणार. हे तिला कळवू नकोस. हरीण नाही दिसलं तरी शेजारी बसलो तर तिला लागलेली डुलकी मला दिसेल. तेवढं अंतर अजून दिसतं.

सोमवारी ती पुन्हा काचा भरणार आहे. त्याआधी दोन ओळी टाक गं, उलट टपाली टाक.