इथे सांगावं लागत नाही

१ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.

पोहोचलो एकदाचे. बेचाळिसावा मजला, खिडकीत अख्खं तोक्यो, आणि मियो गादीवर उड्या मारतेय. मारू दे. आठ वर्षांच्या मुलीनं नाही मारायच्या तर काय मी मारायच्या?

सासूबाईंना या महिन्यात सत्त्याहत्तर पूर्ण होतात. सत्त्याहत्तरीला जांभळी बंडी घालून घरच्यांसोबत फोटो काढायचा, ही रीत. तो आमच्या त्सुबामे गावातही निघाला असता. पण नोरिकाझुनं ठरवलं की आईला आयुष्यात एकदा तरी बड्या हॉटेलात ठेवायचं. माझा नवरा वर्षातून एकदाच काही ठरवतो, त्यामुळे त्याला कोणी अडवत नाही. फोटो परवा, सोमवारी, इथल्याच तळमजल्यावरच्या स्टुडिओत.

सासूबाईंनी आल्या आल्या चहाचा चमचा उलटा करून पाहिला. आमच्या गावात घरोघरी चमचे घासून चकाकवायचा धंदा चालतो, म्हणून आमची माणसं कुठेही गेली तरी आधी चमच्याची पाठ बघतात. "आपल्याकडचाच आहे," म्हणाल्या, आणि मग कुठे चहा घशाखाली उतरला.

आमच्या खोलीची जबाबदारी कुरामोचीबाईंकडे आहे. पन्नाशीच्या, करड्या किमोनोतल्या, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. सासूबाईंच्या पलंगावर घरी असते तशीच धान्याची टरफलं भरलेली कडक उशी होती. मियोच्या ताटातून कोळंबी आधीच वगळलेली. आणि माझ्यासाठी खिडकीपाशी छोटं टेबल, त्यावर मी रोजनिशीला वापरते तेच पेन. यातलं काहीही आम्ही कळवलं नव्हतं. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, पाहुण्याला तोंड उघडून सांगावं लागलं तर ती आमची चूक.

सासूबाईंना हे फारच आवडलं. "ऐकून ठेव गं चिझुरू. चौदा वर्षं झाली, मला अजून चहा मागावा लागतो."

मी हसले. चौदा वर्षांत मला तेवढं मात्र चांगलं जमायला लागलंय.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

सकाळी आसाकुसाच्या देवळात गेलो. मियोच्या चिठ्ठीत खराब भविष्य निघालं. आजीनं लगेच ती चिठ्ठी तिथल्या तारेला बांधून टाकली आणि आपल्या नशिबातलं चांगलं तिला देऊन टाकलं. असं करता येतं म्हणे. मियोचा तर त्यावर पूर्ण विश्वास. आजी म्हणजे तिचा जीव की प्राण, झोपतेही आजीच्याच कुशीत.

जेवायला ईल मासा. रांगेत सगळ्यांसमोर सासूबाईंनी माझा गळपट्टा सोडून परत बांधला. "चाळिशी आली, अजून गाठ मारता येत नाही. हिच्या हातून पोरीला काय वळण लागणार." नोरिकाझु मन लावून पदार्थांची यादी वाचत होता.

दोन वाजता परत आले ती दुखतं डोकं घेऊनच. हे दुखणं जुनं आहे. मियो तान्ही असताना रडायला लागली की कुणी कानशिलात गिरमिट फिरवतंय असं वाटायचं. मी उशीखाली डोकं खुपसायची आणि सासूबाई तिला पाठीशी बांधून नदीच्या बांधावर फिरवायच्या. बर्फातसुद्धा. ते मी नाकारत नाही. घरी येऊन अख्ख्या आळीला सांगायच्या, तेही नाकारत नाही.

शेजारच्या खोलीत बाळ रडायला लागलं. मी छताकडे बघत पडले होते. कुणीतरी बंद करा रे हे, असं मनात आलं. नुसतं मनात.

बंद झालं. हळूहळू नाही, नळ बंद केल्यासारखं. मग मला छान झोप लागली.

संध्याकाळी सहा.

लिफ्टमध्ये शेजारच्या खोलीतलं जोडपं भेटलं. काल येताना याच बाईच्या छातीशी बाळ होतं; पहिला दात आलाय, असं तिनंच मला कौतुकानं सांगितलं होतं. आज हात मोकळे. बाळ झोपलं का, मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ओळख चुकलेल्या माणसाकडे बघून हसतात तसे हसले. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणाले. दोघांचे चेहरे पोटभर झोप झाल्यासारखे ताजे होते.

बाईच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग होता.

नोरिकाझुला सांगितलं. तो म्हणाला, तू दमलीयस.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

नाश्त्याला सासूबाई मियोला गोष्ट सांगावी तशा सांगत होत्या, की तुझ्या आईला पोराचं रडं सोसत नाही ना, म्हणून तू एकटी राहिलीस, नाहीतर एव्हाना पाठीवर भाऊ असता. मियोनं माझ्याकडे पाहिलं. भाऊ पोटातच गेला होता, पाचव्या महिन्यात. सासूबाईंना ते माहीत आहे. दवाखान्यात त्याच होत्या माझ्यासोबत.

मनात काय आलं ते इथे लिहिणार नाही.

त्या जांभळी बंडी घालायला खोलीवर जाऊन येते म्हणून उठल्या. कुरामोचीबाईंनी वाकून दार धरलं, आणि वाकलेल्या असतानाच माझ्याकडे पाहिलं. काम समजलं, अशी मान हलवली.

अकरा.

वर आलो तर तीन उशा. तीन पेले. टरफलांची उशी नाही. जांभळी बंडी घडी घालून पलंगावर.

नोरिकाझुनं ती उचलून पाहिली. "ही कुणाची गं?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. आईंची, मी म्हटलं. त्यानं काळजीनं माझ्या कपाळाला हात लावला. आई कुठून येणार, आपण तिघंच तर आलोय, म्हणाला. चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. इतका मोकळा मी त्याला लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मियोला मात्र सगळं आठवतंय. ती सगळ्या खोलीत आजीला शोधून आली. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, तू काय मागितलंस?"

दुपारी एक.

कुरामोचीबाईंपुढे गुडघे टेकले. परत आणा, म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान तिरकी करून थांबल्या, माझ्या आत काही हालचाल आहे का ते ऐकत असल्यासारख्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, तोंडानं माणसं शिष्टाचार बोलतात, त्यावर आम्ही चालत नाही.

मग नोरिकाझुला का आठवत नाही? त्यांना दोघींमधून निवडावं लागू नये, एवढीच त्यांची जन्मभराची इच्छा होती, म्हणाल्या. आणि मियो? तिला विसरायचं नाही, म्हणून नाही विसरवलं.

म्हणजे मला फक्त मनापासून हवं आहे. एवढंच. त्यात काय अवघड.

बर्फात पाठीशी मियोला बांधून निघालेल्या सासूबाई.
मला ताप होता तेव्हा पेज करून भरवणाऱ्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाल्या, कामाच्या दिवसांतच बरी आजारी पडते.
दवाखान्यात माझा हात धरून बसलेल्या. हात धरूनच म्हणाल्या, मुलगा होता.

प्रत्येक आठवणीला शेपूट आहे. कापता येत नाही.

तीन.

मियोनं न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलंय. आजीनं शिवलेली पिशवी घेऊन बसलीय. आत्ता निघू या, घरी जाऊ, म्हटलं. आजीशिवाय येणार नाही. रडतेय. नोरिकाझु पोहायला गेला. रडून दमेल, म्हणाला.

डोकं सुरू झालंय.

तीन वीस.

रड गं राणी. मला काही होत नाही. लिहीत राहिलं की मन इकडे राहतं. मला हा आवाज चालतो. आवडतो. आवडतो. माझ्या मुलीचा आवाज आहे, का नाही आवडणार—

आता किंचाळतेय. आजी, आजी.

गिरमिट—

सासूबाई असत्या तर हिला घेऊन बाहेर गेल्या असत्या. या हो. आता मला खरंच हव्या आहात. कुरामोचीबाई, हे खरं आहे, ऐका— पण कशाला हव्यात? पोरीसाठी, की आवाज लांब जावा म्हणून—

नको. तसलं काही मनात नको. आवडतो. आवडतो. थांबू नकोस मियो. मोठ्यानं रड—

दाराबाहेर किमोनोची सळसळ. मी काही मागितलेलं नाही. ऐकताय ना, मी काही—

थांबलं.

मधेच.

न्हाणीघराचं दार उघडं आहे. फरशी कोरडी. पिशवी—

बेल वाजली. चहा आलाय. दोन पेले.

मियो. मियो. मियो. लिहून ठेवते, मियो—

डोकं उतरलंय. किती शांत झालं. आणि देवा, मला बरं वा—