उसळ धरायची नाही

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण जेवायला बसलो की तुमचा डावा हात अजून डोळ्यांपुढे येतो. अंबडच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये तुम्ही कारखान्यातली ड्युटी संपवून यायचात आणि व्यायामाआधी एकेकाला विचारायचात, "काल काय खाल्लं?" अंडी म्हटलं की एक बोट दुमडायचं. चिकन म्हटलं की दुसरं. माझी पाळी आली की मी मटकीची उसळ, तुरीचं वरण, फुटाणे, शेंगदाणे सगळं सांगायचो आणि तुमचा पंजा तसाच उघडा राहायचा. "झाडाचं प्रोटीन धरायचं नाय. ते नुसतं पोट भरायला," तुम्ही म्हणायचात. पोरं हसायची. मला स्पर्धेच्या स्टेजवर उभं राहायचं होतं, आणि कोणाला न्यायचं ते तुमच्या त्याच हातावर ठरत होतं.

तेव्हा नव्वदचं दशक होतं. आमचा मखमलाबादला भाजीचा मळा, घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. मी रागानं ताट सरकवायला लागलो तेव्हा आईनं खोदून खोदून कारण विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या बाजारात देऊन ती थेट जिममध्ये आली. मला ती अजून दारात दिसते. हातात उसळीचा डबा आहे, चपला बाहेर काढते, देवळात शिरावं तशी आत येते. "सर, यात काय कमी पडतंय तेवढं सांगा. मी वाढवते." तुम्ही डब्यात डोकावलात. "मावशी, ह्याच्यानं बॉडी बनत नाय. लय तर गॅस होतो." सगळी शेड हसली. आईनं झाकण लावलं, कडी दाबून नीट लावलं, आणि चपला घालून बाहेर पडली. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आठवड्याभरात आमच्या घरामागे तीन दगडांची चूल मांडली गेली. आई जर्मनच्या जुन्या पातेल्यात अंडी उकडायची, नाकाला पदर लावून, आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. दोन अंडी, त्यापुढे माझ्याच घशाखाली उतरत नव्हती. बाकी ताट तेच, उलट वाढलेलं: उसळीचा मोठा वाडगा, वरण-भात, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पुढच्या वर्षी तुम्ही मला स्टेजवर नेलंत. ढाल मिळाली. तुम्ही माईक हातात घेतलात आणि म्हणालात, "अंड्यावर आलं, तेव्हा पोरगं उभं राहिलं!" आई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मान डोलावली.

पुढे मी नाशिक रोडला स्वतःची जिम काढली, थोडंफार वाचलं, शिकलो. तुमचं सगळंच खोटं नव्हतं, हेही कबूल करतो. वरणाच्या वाटीत प्रोटीन कमीच असतं, जास्त खावं लागतं, डाळीला भात नाहीतर भाकरी जोडावी लागते. पण कमी असलेलं तुम्ही शून्य धरलंत. मी माझ्या तेव्हाच्या ताटाचा हिशोब मांडला तेव्हा त्यात दोन अंड्यांचा वाटा लहानच निघाला. बाकी सगळा आईचा होता. तो हिशोब तुमच्या तोंडावर मारायला यायचं ठरवलं होतं मी. त्याआधीच तुम्ही गेलात. तुम्हाला खांदा दिला तेव्हा मनात शिव्याच चालू होत्या.

आता माझ्याकडे येणाऱ्या पोरांचं वरण, सोयाबीन, हरभरे मी सगळं धरतो. आई थकलीय. तरी ताटात आधी अंडं ठेवते, मग उसळ वाढते आणि म्हणते, "हे आपलं पोटाला." परवा मी म्हटलं, "आई, उसळसुद्धा धरतात गं." ती म्हणाली, "तुझे सर नाही म्हणाले होते ना?" मी पुन्हा समजावलं, आवाज चढवून समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली.

हे पत्र कुठे टाकणार? खणात राहील. एकच गोष्ट सांगून टाकतो, जिममध्ये ती कोणाला माहीत नाही. जेवून उठलो की मी माझा स्वतःचा दिवस मोजतो, तुमच्यासारखाच, डाव्या हातावर. अंड्याला बोट आपोआप दुमडतं. आईच्या उसळीला अजून दुमडत नाही.