हत्तीची सोंड आणि गळकी होडी

तीर्थरूप बाबांच्या चरणी त्यांच्या इस्त्रीवाल्या चिरंजीवाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढता येतो, की अजून खालच्या पायरीवर बसूनच आईला हाका मारता? माझी प्रकृती उत्तम, वजन दोन किलो जास्तच भरलं. मागच्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही, त्याअर्थी तुमचा रागही ठणठणीत असावा.

पत्रास कारण की, मी समुद्रावर गेलो. (चार वर्षं तिथेच आहे, हे खरं. पण तीस वर्षं मालवाहू जहाजाचं इंजिन सांभाळलेला माणूस पर्यटकांच्या जहाजाला तरंगतं लॉज म्हणतो आणि आपला मुलगा समुद्रात पाहुण्यांच्या पलंगांवर मांडायला टॉवेलचे हत्ती करतो असं शेजाऱ्यांना सांगतो, म्हणून वेगळं कळवतो.) मंगळवारी, पाहुण्यांची न्याहारी चालू असताना आमचं जहाज अचानक वळलं. एका मच्छीमार होडीचं इंजिन बंद पडून आत पाणी शिरत होतं, आणि तिच्या हाकेला ओ देण्याइतकं जवळ आमच्याशिवाय कुणी नव्हतं. कप्तानांनी जहाज वाऱ्याच्या बाजूला आडवं उभं केलं, म्हणजे लाटा आमच्या अंगावर आणि होडी आडोशाला. (तुम्हाला हे सांगायला नको. मलाही नंतरच कळलं.) पाच मच्छीमार वर आले. मी खालच्या दारात कोरड्या टॉवेलांची चळत घेऊन उभा होतोच. सहावे म्हणजे होडीचे मालक, एक म्हातारबा. ते काही येईनात. रिकामी होडी म्हणजे बेवारस होडी, तिच्यात कुणीतरी बसलेलं हवंच, असा त्यांचा हट्ट. होडी ओढून न्यायला टग येणार होती पाच तासांनी. शेवटी कप्तान म्हणाले, ज्याच्यावाचून जहाजाचं काही अडणार नाही असा एक माणूस त्यांच्या जागी खाली पाठवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या जहाजावर एवढं एकमत मी प्रथमच पाहिलं.

तर लाइफ जॅकेट, कमरेला दोर, एक पंप आणि हातातली टॉवेलांची चळत (ती खाली ठेवायची राहूनच गेली) अशा थाटात मी होडीत उतरलो. मोठ्या जहाजावर चार वर्षं काढलेल्या पोटाला होडी काय चीज असते ते पहिल्या दहा मिनिटांत समजलं. सकाळचा नाश्ता समुद्रार्पण झाला, मागोमाग आदल्या दिवशीचं जेवण. तेवढ्यात पाहतो तर दोन फळ्यांच्या मधून पाणी येतंय आणि पंपाला ते आवरत नाहीये. मी टॉवेल ओला केला आणि हत्तीच्या सोंडेला घालतो तसा घट्ट पीळ घालून फटीत ठोकला. मग दुसरा. पाणी थांबलं. वर पाहुणे कठड्यावर उभे राहून माझे फोटो काढत होते. मी अजिबात घाबरलो नाही.

तिकडे म्हातारबांनी वर तीन वेळा गोड मागून घेतलं, आरामखुर्चीत एक डुलकी काढली आणि नाचाच्या वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापिकेबरोबर दोन फेऱ्या मारल्या. टग आल्यावर खाली उतरले ते थेट त्या फटीपाशी. सोंड दोन्ही हातांनी ओढून पाहिली. निघेना. "राहू दे," म्हणाले, "बंदर येईपर्यंत हात लावायचा नाही." बाबा, मला तेव्हा फार बरं वाटलं. अगदी तुमच्यासारखेच खेकसून म्हणाले.

आईला नमस्कार. टॉवेल गहाळ केल्याबद्दल मला मेमो मिळाला आहे, बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
हत्तीवाला

ता. क. – कप्तानांनी खूश होऊन पुढच्या महिन्याच्या सफरीचे दोन पास दिले आहेत, तुमच्या आणि आईच्या नावाने. लॉज तर लॉज, पण या. मी जिथे काम करतो ते तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच मला हवंय.

ता. क. २ – घाबरलो नाही, हे आईसाठी लिहिलंय. प्रत्येक लाटेला मी "बाबा" म्हणून ओरडत होतो. लोक आईला हाक मारतात, पण समुद्रातलं तिला काय कळतं?

ता. क. ३ – तुमचं जमत नसेल तर तुमच्या पासवर यायला म्हातारबा तयार आहेत. आईला फोनवर विचारलं. तिची हरकत नाही. ते नाचतात कसे, एवढंच तिने विचारलं.